नॅटचे पारदर्शक छत

मुलांच्या खेळण्यातले प्लास्टिकचे विमान आणि एखाद्या छांदिष्टाने महिनोन्‌महिने खपून उभी केलेली प्रतिकृती यांतील फरक जाणून घ्यायचा असेल, तर पंखांकडे किंवा रंगाकडे पाहू नये. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छताकडे, म्हणजे कॅनॉपीकडे पाहावे. प्रतिकृतीच्या इतर कोणत्याही भागातील चूक झाकता येते. सांध्यात फट राहिली तर लांबी भरावी, पॉलिश पेपर फिरवावा, वरून रंग द्यावा. दोष होता हे कोणाला कळतही नाही. पारदर्शक भागाला ही सवलत नाही. त्याच्यावरचा ओरखडा लपत नाही, आणि ते निर्दोष साधले तर आतील कॉकपिटमधला आळस ते स्वतःच चव्हाट्यावर आणते.

भारतीय छांदिष्टांना नॅट या विमानाचे विशेष आकर्षण आहे. ब्रिटनमधील फोलंड कंपनीसाठी डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी त्याचा आराखडा केला आणि १८ जुलै १९५५ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते परवान्याने बांधले गेले. लांबी अवघी ८.७४ मीटर, पंखांचा विस्तार ६.७३ मीटर. १/७२ प्रमाणात ते सुमारे १२१ मिलिमीटर लांबीचे होते, म्हणजे सहज तळहातावर मावते. त्यावरील कॅनॉपी जेमतेम अंगठ्याच्या एका पेराएवढी.

अडचण अशी, की बाजारात पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला या प्रमाणातील संच दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा. भारतीय वायुदलाने लढवले ते एकासनी. अलीकडे एकासनी नॅटचेही संच निघाले आहेत; तरी ज्याच्यापाशी जुनाच संच आहे, किंवा ज्याचे साच्यातून निघालेल्या जाड छतावर समाधान होत नाही, त्याला कॅनॉपी स्वतः घडवावी लागते.

त्यासाठी प्रथम बारीक पोताच्या लाकडाचा कॅनॉपीच्या आकाराचा ठोकळा कोरतात. तो अपेक्षित आकाराहून किंचित लहान हवा, कारण त्यावर चढणाऱ्या पत्र्याची जाडी मिळवायची असते. तळाशी थोडे लाकूड अधिक ठेवतात, म्हणजे पुढे कापताना काठ वेडावाकडा येत नाही. मग ४०० पासून १२०० क्रमांकापर्यंतचे पॉलिश पेपर पाण्यासह फिरवायचे. येथे घाई करणारा पुढे पस्तावतो. ठोकळ्यावरील प्रत्येक रेघ तापलेल्या प्लास्टिकवर जशीच्या तशी उमटते.

एका फळीला कॅनॉपीच्या रेषेबरहुकूम, पण जराशी मोठी खाच पाडतात आणि तिच्यावर पारदर्शक पत्रा टाचण्यांनी ताणून बसवतात. पत्रा विकतच आणावा असे नाही. मिठाईच्या खोक्याचे स्वच्छ झाकणही कित्येकदा कामी येते. तो आचेवर धरला की आधी थरथरतो, मग मधोमध सैल पडतो. त्याच क्षणी ठोकळा खाचेतून एका दमात खाली दाबायचा. पत्रा कमी तापला तर कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात, जास्त तापला तर बुडबुडे येतात किंवा पांढुरकी झाक चढते. पहिल्याच प्रयत्नात साधले असे सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. सात-आठ टाकाऊ छतांतून एक हाती लागते. ते कात्रीने कापू नये, तडकते. नव्या पात्याने एकाच रेषेवर हलक्या हाताने अनेकदा फिरावे.

नॅटच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. बहुतेक विमानांत पुढील वातरोधक काच धडाला पक्की असते आणि छत तेवढे उघडते. नॅटमध्ये ही पुढची काच छताचाच अखंड भाग होती. चिलखती काच तिच्या आत वेगळी बसवलेली होती. दोहोंमधील पोकळीत इंजिनातील गरम हवा सोडून काचेवरील बाष्प घालवले जाई. म्हणून प्रतिकृतीतही पारदर्शक छतामागे दुसरी सपाट काच दिसायला हवी. ती नसेल तर जाणकाराची नजर प्रथम तेथेच अडते.

आता कॉकपिट. संचातील आसनाची कड अर्धा मिलिमीटर जाड असते. ७२ ने गुणले तर ती ३६ मिलिमीटर होते, म्हणजे भक्कम लाकडी फळीच. म्हणून आसन पातळ पत्र्याचे नव्याने करावे लागते. खऱ्या विमानातील सुमारे ८० मिलिमीटर व्यासाची तबकडी येथे १.१ मिलिमीटरची होते. तबकड्या फिल्मवर छापून भोके पाडलेल्या पट्टीमागे चिकटवतात. पट्ट्यांसाठी चहाच्या पुड्यातील चांदी, नळ्यांसाठी विजेच्या तारेतील तांब्याचा एकेक धागा. काही जण उणिवा झाकण्यासाठी आसनावर वैमानिकाची बाहुली बसवून मोकळे होतात. युक्ती चांगली, पण ती युक्तीच.

नॅटच्या बाबतीत मात्र अनेकांना ते आसन रिकामेच ठेवावेसे वाटते. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर शत्रूच्या सेबर विमानांनी हल्ला केला, तेव्हा अठराव्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखाँ अशाच एका नॅटमधून बॉम्ब पडत असताना झेपावले. ते परतले नाहीत. परमवीरचक्र मिळालेले वायुदलातील ते एकमेव अधिकारी. त्यांच्या विमानाची प्रतिकृती करताना पट्टा अर्धा मिलिमीटर इकडे की तिकडे हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही; त्या इवल्याशा जागेत एक माणूस बसला होता. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात नॅट पाहायला मिळते. खऱ्या विमानाशेजारी उभे राहिल्यावर ती जागा किती अरुंद होती हे ध्यानात येते, आणि मग घरी येऊन अर्धवट झालेले आसन पुन्हा मोडावे लागते.

शेवटचे काम चिकटवण्याचे. छताच्या चौकटीला बाहेरचा रंग देण्याआधी आतल्या बाजूचा गडद रंग द्यायचा, कारण काचेतून चौकटीची खालची बाजूही दिसते. झटपट चिकटणारे रासायनिक गोंद येथे वर्ज्य. त्यांच्या वाफेने काच आतून धुरकटते आणि ती पुन्हा स्वच्छ होत नाही. साधा पांढरा फेविकॉल दाभणाच्या टोकाने काठावर लावावा आणि रात्रभर हात लावू नये. सकाळी उजेडात धरून पाहिले आणि आत कापसाचा एखादा तंतू अडकलेला दिसला, तर काठावर कोमट पाणी सोडून छत हळूच उचलायचे, तंतू काढायचा आणि पुन्हा बसवायचे.