व्यवसायोपचार : संकल्पना, परंपरा व करिअरची दिशा
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

बारावी विज्ञान शाखेनंतर आरोग्यक्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्या सातारा, सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या यादीत एम.बी.बी.एस., बी.ए.एम.एस., नर्सिंग व फिजिओथेरपी हे पर्याय असतात. व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी, हे नाव त्यात क्वचितच आढळते. आढळलेच, तर 'अपंगांना एखादा धंदा शिकविणे' असा त्याचा अर्थ लावला जातो. हा गैरसमज दूर करून या शास्त्राचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना

येथे 'व्यवसाय' म्हणजे केवळ उपजीविका नव्हे. दात घासणे, जेवणे, स्वयंपाक, शेतकाम, अभ्यास, खेळ अशा ज्या ज्या अर्थपूर्ण कृतींनी माणसाचा दिवस भरलेला असतो, त्या सर्वांचा त्यात समावेश होतो. आजार, अपघात, जन्मजात दोष वा वार्धक्य यांमुळे खंडित झालेल्या कृती पुन्हा शक्य करणे हे या शास्त्राचे साध्य होय. आणि त्या कृती हेच त्याचे साधनही होय. भौतिकोपचाराचा भर मुख्यतः हालचाल, स्नायूंची ताकद व वेदनानिवारण यांवर असतो. व्यवसायोपचार त्यापुढचा प्रश्न विचारतो : त्या हाताने रुग्ण स्वतः जेवतो का? पक्षाघाताचा रुग्ण चालू लागला की घरच्यांना तो बरा झाला असे वाटते. परंतु सदऱ्याच्या बटणांसाठी त्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागत असेल, तर उपचार अपुराच राहिला असे म्हणावे लागेल.

कार्यपद्धती

भाकरी करण्याचे उदाहरण घेऊ. पीठ मळण्यास खांदा व मनगट, थापण्यास दोन्ही हातांचा मेळ, तव्यावर टाकण्यास नजर व अंदाज, तर उलटण्यास उष्णतेची जाणीव लागते. व्यवसायोपचारतज्ज्ञ कृतीचे असे पृथक्करण करून नेमके कोठे अडते ते शोधतो आणि सोप्या टप्प्यापासून सराव करून घेतो. कुष्ठरोगाने हाताची संवेदना गेलेल्या स्त्रीला चटका कळत नाही. तिला नजरेने सावध राहण्याची सवय व योग्य पकड शिकवावी लागते. कडबाकुट्टी यंत्रात बोटे गमावलेल्या शेतकऱ्यासाठी जाड मुठीची अवजारे, हाताला आधार देणारे स्प्लिंट, एका हाताने काम करण्याच्या युक्त्या उपयोगी पडतात. सेरेब्रल पाल्सी वा स्वमग्नता असलेल्या बालकाला वर्गात बसणे, पेन्सिल धरणे शक्य व्हावे, हेही याच शास्त्राचे कार्य आहे.

परंपरा

अमेरिकेत १९१७ मध्ये या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारतात त्याचा पाया घालणाऱ्या श्रीमती कमला निंबकर (१९००-१९७९) या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विवाहानंतर त्या भारतीय झाल्या. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना अस्तित्वात आली, तिच्या त्या संस्थापक अध्यक्षा होत. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य राष्ट्रांत भारत होता. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांची कर्मभूमी फलटण. तेथील प्रगत शिक्षण संस्थेची शाळा 'कमला निंबकर बालभवन' या नावाने ओळखली जाते. सातारा जिल्ह्यात हे नाव परिचित आहे. त्या नावामागील शास्त्र मात्र अपरिचित राहिले.

शिक्षण व संधी

महाराष्ट्रात हा पदवी अभ्यासक्रम दीर्घकाळ सहा महिन्यांच्या आंतरवासितेसह साडेचार वर्षांचा राहिला आहे. प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. मुंबईत के.ई.एम., नायर व शीव येथील महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये, तसेच नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही शिक्षणाची जुनी केंद्रे होत. पुढे पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय आहे. राज्यात २००२ च्या कायद्यान्वये व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद निर्माण झाली. २०२१ च्या केंद्रीय कायद्यामुळे अभ्यासक्रमाच्या स्वरूपात बदल होत असल्याने विद्यार्थ्यांनी प्रवेशवर्षाची अधिकृत माहिती पाहणे इष्ट ठरेल. रुग्णालये, विशेष शाळा, मानसिक आरोग्य केंद्रे, वृद्धसेवा व स्वतंत्र व्यवसाय ही कार्यक्षेत्रे आहेत.

समारोप

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. परंतु हक्क कागदावर मिळाला तरी घास तोंडापर्यंत नेण्यास प्रशिक्षित मार्गदर्शक लागतो. मिरजेसारखे वैद्यकीय केंद्र जवळ असूनही, घरी परतलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हा प्रश्न गावपातळीवर उरतोच. येथील काही विद्यार्थी हे शिक्षण घेऊन आपल्याच तालुक्यात परतले, तर त्यांना सन्मानाचे करिअर मिळेल आणि अनेक घरांतील परावलंबन कमी होईल. त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयांच्या मार्गदर्शन वर्गांत या विषयाला स्थान मिळणे आवश्यक आहे.