विश्लेषण : विंचूदंश, हृदयाचे ठोके आणि ‘लॅन्सेट’, गावातल्या डॉक्टरचे संशोधन मोजायचे कसे?

पऱ्हाटीचा ढीग उपसताना, गोवऱ्या काढताना किंवा बांधावरचा दगड उचलताना विंचू चावणे जळगाव-धुळ्याच्या ग्रामीण भागाला नवे नाही. लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू लागला, की रुग्णालयात ‘प्राझोसिन’ ही गोळी दिली जाते. मुळात ती रक्तदाबाची गोळी. विंचूदंशावर तिचा उपयोग जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर खान्देशच्या शेजारचे, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण संशोधकांच्या दुनियेत मान ठरतो तो ‘सायटेशन’वर. त्या हिशेबात हे काम कुठे बसते?

विष हृदयाचे काय करते?

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना शांत होऊ देत नाही. त्यामुळे अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये शरीरात एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, ठोक्यांची लय बिघडून मध्येच जादा ठोके पडू लागतात. थकलेले हृदय पुढे रक्त ढकलू शकले नाही, की फुप्फुसात पाणी भरते. रुग्ण दगावतो तो बहुधा इथेच.

बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा नेमका उपचार हाताशी नव्हता. त्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी बसून लक्षणांची नोंद ठेवायला सुरुवात केली. उलट्या आणि दरदरून घाम ही पुढच्या धोक्याची आगाऊ सूचना असते, हे त्यांच्या लक्षात आले. धोक्याच्या या पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्राझोसिनचा अनुभव मांडला. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरतो. त्यांच्याच नोंदींनुसार, प्राझोसिनपूर्वी पश्चिम भारतात विंचूदंशाने फुप्फुसात पाणी होऊन २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत; नंतर हे प्रमाण एक टक्क्याखाली आले.

सायटेशन म्हणजे काय?

एखाद्या शोधनिबंधाचा दाखला पुढच्या निबंधांनी जितक्या वेळा दिला, तितकी त्याची सायटेशन. ‘एच-इंडेक्स’ याच्याच पुढची पायरी. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ती २००५ मध्ये सुचवली. किमान २० वेळा दाखला मिळालेले २० निबंध असतील, तर एच-इंडेक्स २०. सोपे गणित आहे, म्हणूनच नेमणुका आणि बढत्यांमध्ये ते सर्रास वापरले जाते. मात्र दाखला कौतुकाचा की टीकेचा, हे या आकड्याला कळत नाही. स्वतःच स्वतःचा दाखला देण्याची सोय असतेच!

हृदयाच्या लयीवरच्या संशोधनाचे गाजलेले उदाहरण फ्रान्समधील बोर्डो शहरातले आहे. डॉ. मिशेल हायसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात ठोके अनियमित होतात. त्याची ठिणगी टाकणारी ९४ टक्के ठिकाणे फुप्फुसाकडून हृदयात येणाऱ्या रक्तवाहिन्यांत असल्याचे त्यांना आढळले. ती जागा कॅथेटरने निष्क्रिय करण्याची उपचारपद्धती पुढे जगभर रुजली आणि या निबंधाचा दाखला हजारो वेळा दिला गेला.

मग कमी दाखले म्हणजे लहान काम?

बावस्करांच्या निबंधांचे दाखले त्या तुलनेत बरेच कमी आहेत. यात निबंधाच्या दर्जापेक्षा विषयाचा भाग मोठा. एट्रियल फिब्रिलेशन उतारवयात वाढणारा विकार आहे. श्रीमंत देशांत त्याचे रुग्ण भरपूर, त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा भरपूर, उपकरणे विकणाऱ्या कंपन्याही. विंचूदंश होतो तो शेतमजुराला, अनवाणी पोराला. त्यावर लिहिणारेच थोडे, तर दाखला देणार कोण? तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टर गोळी देऊन रुग्ण वाचवतो, पण तो निबंध लिहीत नाही. त्यामुळे तो वाचलेला जीव सायटेशनमध्ये मोजला जात नाही.

टीकेला जागा होतीच. सुरुवातीचे निष्कर्ष रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले होते. पुढे बावस्करांनी स्वतःच्याच उपचाराची परीक्षा घेतली. महाडमधील ७० रुग्णांचे दोन गट पाडले. एकाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला त्यासोबत प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. ‘बीएमजे’ या नियतकालिकात २०११ मध्ये हे छापून आले. आपल्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारापेक्षा जोड उपचार सरस, असे लिहायला वेगळी तयारी लागते.

दंश झाल्यास काय करावे?

नुसती असह्य कळ असेल, तरी डॉक्टरांना दाखवावे. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय किंवा धाप दिसली, तर मंत्र-उताऱ्यात आणि दंशाची जागा कापण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. मूल असेल तर जास्तच घाई करावी. प्राझोसिन मात्र घरच्या घरी देऊ नये. या गोळीने रक्तदाब अचानक उतरू शकतो; म्हणूनच रुग्णाला झोपवून, रक्तदाब पुन्हा पुन्हा तपासत ती दिली जाते.