न बोलणारे बालक : जिभेपूर्वी कान तपासावा

"डॉक्टर, त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही." जोगेश्वरीतील आमच्या चिकित्सालयात दोन-अडीच वर्षांच्या बालकाला घेऊन येणारी माता बहुधा याच वाक्याने प्रारंभ करते. सोबत आजी असल्यास ती पुस्ती जोडते, "याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." या दोन वाक्यांवर विसंबून आम्ही एका बालकाचे सात महिने वाया घालविले. तो अनुभव वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

वाक्प्रवृत्ती हे उदानवायूचे कर्म होय, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. कफयुक्त वायू शब्दवाहिनी धमन्यांना आवृत करतो तेव्हा मूक, मिन्मिण व गद्गद या अवस्था उत्पन्न होतात, असे सुश्रुताचार्यांनी वातव्याधिनिदानात सांगितले आहे. टीकाकारांच्या मते मिन्मिण म्हणजे नाकात बोलणारा आणि गद्गद म्हणजे बोलताना अक्षरे गाळणारा. चरकाचार्यांनी वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत मूकत्व व वाक्संग यांच्यासोबत बाधिर्याचीही गणना केली आहे. परंतु व्यवहारात आपण मूकत्व वाचतो, सारस्वतारिष्ट लिहितो आणि बाधिर्याकडे पाहावयाचे विसरतो.

येथे वाणी व भाषा यांतील भेद ध्यानात घ्यावा. जे मूल 'काका'ला 'ताता' म्हणते त्याची भाषा शाबूत असते, दोष उच्चाराचा असतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत हे स्वाभाविकही आहे. शाळेत जाऊ लागल्यावरही टिकल्यास वाक्-उपचार हवेत. याउलट ज्याची जीभ, टाळू, ओठ सारे निर्दोष असूनही शब्दच जमत नाहीत, त्याचा दोष भाषेचा होय. भाषा मुखातून येत असली तरी मुलात शिरते ती बहुतांशी कानावाटे. म्हणून उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक बालकात पहिला प्रश्न श्रवणाचा असतो.

आमच्याकडे आलेला मुलगा सव्वादोन वर्षांचा होता. 'मम' आणि 'आ' याव्यतिरिक्त शब्द नव्हता. आम्ही त्याच्या पाठीमागे स्टीलची थाळी वाजविली. त्याने वळून पाहिले. ऐकू येते असा निष्कर्ष काढून आम्ही सारस्वतारिष्ट, ब्राह्मी व जिव्हेवर वचा सुरू केली. मूल हसरे होते, आईने पिशवी उचलताच चपला आणून देई; 'सगळं कळतं' यावर आमचाही विश्वास बसला. सात महिन्यांनंतर श्रवणतपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत मध्यम ते तीव्र श्रवणदोष आढळला. थाळीचा मोठा आवाज त्याला ऐकू येत होता, दार आपटलेलेही कळत होते. परंतु स, श, त, क यांसारखी सूक्ष्म व्यंजने त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. उरलेले तो आईच्या चेहऱ्यावरून व हातवाऱ्यांवरून ओळखत होता. बुद्धी तल्लख होती म्हणूनच आम्ही फसलो.

तेव्हापासून थाळी, टाळी, खुळखुळा यांवर आम्ही निदान करीत नाही. कानातील सूक्ष्म प्रतिध्वनी मोजणारी ओएई व निद्रितावस्थेत श्रवणमार्गाची प्रतिक्रिया मोजणारी बेरा, या तपासण्यांत बालकाच्या सहकार्याची गरज नसते. त्या नवजातातही होतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचार हा जगभर मान्य झालेला क्रम आहे. जन्मतः न रडणे, तीव्र कावीळ, अतिदक्षता विभागातील वास्तव्य, मस्तिष्कावरणाचा दाह, सगोत्र वा निकटच्या नात्यातील विवाह यांपैकी काही इतिहासात आढळल्यास विलंब करूच नये. वारंवार सर्दी होणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलात मध्यकर्णात द्रव साचून श्रवण मंद होते, हेही स्मरावे.

काळाच्या खुणा आम्ही भिंतीवरच लावल्या आहेत : वर्षाच्या आत नावाला प्रतिसाद व निरर्थक बडबड, सुमारे सव्वा वर्षाला एखादा सार्थ शब्द व बोटाने दाखविणे, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडणी. बोटाने दाखवीत नाही, नजर देत नाही, शिकलेले शब्द विसरला, अशा बालकात श्रवण उत्तम असले तरी स्वमग्नतेचा विचार करून बालविकास-तज्ज्ञाकडे पाठवावे. शिकलेले शब्द लोपणे ही कोणत्याही वयात धोक्याची सूचना होय.

जीभ चिकटलेली आहे, ती कापून द्या, असा आग्रह पालक धरतात. जिव्हाबंधामुळे स्तनपानास अडथळा येऊ शकतो, क्वचित उच्चारासही. परंतु मूल मुळीच बोलत नाही याचे कारण तो नव्हे. मिन्मिण बालकात मात्र बॅटरी घेऊन टाळू अवश्य पाहावा. वरून अखंड दिसणाऱ्या टाळूच्या आत स्नायू दुभंगलेले असू शकतात. दुभागलेली पडजीभ ही त्याची खूण असते.

आमच्या वस्तीत घरी मालवणी, चाळीत हिंदी, बालवाडीत इंग्रजी अशी स्थिती सर्रास आढळते. अनेक भाषांमुळे मूल गोंधळते आणि मुके राहते, हा समज निराधार आहे. आजीने मालवणी बोलणे थांबविले तर मुलाचा सर्वांत बोलका सोबतीच गप्प होतो. थांबवावयाचा असेल तर जेवताना समोर धरलेला मोबाइल थांबवावा.

मग आपल्या औषधांचे स्थान कोणते? अग्निमांद्य, प्रतिश्याय, दौर्बल्य यांची चिकित्सा आम्ही करतो, मेध्य द्रव्येही देतो. परंतु श्रवणयंत्र व वाक्-उपचार यांच्याऐवजी नव्हे. शिवाय वर्षाच्या आतील बालकास वेखंड उगाळून मधात चाटविण्याची जी रीत आहे, तीतील मधाला आम्ही मनाई करतो; मधातील जीवाणुबीजांमुळे त्या वयात बॉट्युलिझम संभवतो.

जोगेश्वरीहून धिम्या गाडीने पाचवे स्थानक वांद्रे. तेथे रेक्लमेशन भागात अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. श्रवणतपासणी, श्रवणयंत्र व वाक्-उपचार एकाच आवारात होतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही श्रवणदोष व भाषाविलंब यांचा तपासणीत समावेश आहे. आमच्या त्या मुलास तिसऱ्या वर्षी यंत्रे बसली. पहिल्या आठवड्यात तो ती काढून फेकीत असे. आईने त्याच्या आवडत्या टोपीखाली ती झाकली तेव्हा कुठे ती कानांवर टिकली.

पाठविताना आम्ही चिठ्ठीत आता एवढे अवश्य लिहितो : बोलता येणारे शब्द मोजून, केवळ शब्दांनी सांगितलेले व हातवारे न करता कळलेले एक काम, प्रसूतीचा व काविळीचा इतिहास, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा, आणि आजपर्यंत दिलेली औषधे. 'ऐकू येते' हे वाक्य मात्र तपासणीचा कागद हाती असल्याखेरीज लिहीत नाही.