गाणं शिकणाऱ्या मुलीला कम्प्युटर कोणता घ्यावा?

जून-जुलै आला की आमच्या जेऊर भागातल्या गटांच्या बैठकीत एक मागणी हटकून येते, लेकीच्या लॅपटॉपसाठी अंतर्गत कर्ज. इंजिनिअरिंगवाली असली की कुणी काही विचारत नाही. पण यंदा एका ताईंची मुलगी संगीत घेऊन बी. ए. करायला पुण्याला निघाली, आणि बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "गाण्याला कम्प्युटर कशाला? त्यापेक्षा पेटी घ्या की!"

प्रश्न चुकीचा नाही. गाणं गळ्यातून येतं, कम्प्युटरमधून नाही. पण कॉलेजात संगीत शिकणं म्हणजे नुसतं गाणं नसतं. रागांची माहिती लिहायची असते, प्रकल्प टाइप करून द्यायचे असतात, जुन्या गायक-गायिकांची ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकायची असतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला रियाज रेकॉर्ड करून आपणच ऐकायचा असतो. सूर कुठे उतरला हे गाताना कळत नाही, ऐकताना कळतं.

यातलं निम्मं काम मोबाइलवर होतं, हेही सांगायला हवं. तानपुऱ्याचं ॲप, तबल्याच्या ठेक्याचं ॲप मोबाइलवर चालतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देणाऱ्या शाळकरी मुलीसाठी कुणी लॅपटॉपचं कर्ज मागितलं, तर आम्ही थांबा म्हणू. कॉलेजची गोष्ट वेगळी.

म्हणून दुकानात जायच्या आधी कॉलेजात विचारा. मुलगी गायन, तबला, सतार शिकणार की ध्वनिमुद्रण आणि संगीत-संयोजन? दोन्हीला लागणारं मशीन वेगळं. प्रॅक्टिकलला कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात, तेही कागदावर लिहून आणा. काही सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्याच कम्प्युटरवर चालतात. लॉजिक प्रो त्यातलंच. ते सक्तीचं नसेल तर ॲपलचा खर्च करायचं कारण नाही. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात एक मोठी सोय आहे. अवघड तान सूर न बदलता संथ करून ऐकता येते. स्वरलिपी लिहायची तर भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. पाश्चात्त्य नोटेशनची सॉफ्टवेअर याला फारशी उपयोगी पडत नाहीत. साधा तक्ता आखून देवनागरीत टाइप करायची सवय लावून घेतलेली बरी.

आता मशीनकडे वळू. दुकानदार दोन शब्द हमखास टाकतो, रॅम आणि एसएसडी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की परात ठेवली तर पोळपाट मावत नाही. एसएसडी म्हणजे कोठीची खोली, जिथे सगळं साठवून राहतं. गायन-वादन शिकणारीला ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पुरते. ध्वनिमुद्रण शिकणारीला १६ जीबी रॅम हवी, कारण तिथे एका वेळी दहा-वीस आवाज एकत्र वाजवायचे असतात. रॅम पुढे वाढवता येते का, हे आधीच विचारा. काही लॅपटॉपमध्ये ती पक्की बसवलेली असते, मग नंतर काही करता येत नाही.

साठवणीचा हिशेब आम्ही बैठकीत फळ्यावरच मांडला. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातं. म्हणजे तासाभराचा रियाज ६०० एमबीच्या पुढे जातो. रोज एक तास ठेवला तर वर्षाला २०० जीबीच्या वर. म्हणून आठवड्यातलं एकच चांगलं रेकॉर्डिंग ठेवायचं, बाकीचं ऐकून पुसायचं, आणि ठेवलेल्याची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यायची. केसरबाई केरकरांच्या काळात तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मिळत, त्यातच राग बसवावा लागे. त्यांची तशी एक भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली आहे. आपल्या मुलींना तासन् तास रेकॉर्ड करता येतं, पण ते ऐकायला वेळही तेवढाच लागतो!

संगीतवाल्यांनी बघायची आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती म्हणजे पंख्याचा आवाज. आमच्या ताईंना एका दुकानात गेमिंगचा लॅपटॉप दाखवला, पंचाहत्तर हजारांचा. "गाण्यासाठी हाच दमदार," म्हणे. त्यातली जास्तीची किंमत चित्रांच्या कार्डाची, म्हणजे खेळांसाठी. गाण्याला त्याचा उपयोग नाही. वर काम वाढलं की पंखा घरघरतो, तो रेकॉर्डिंगमध्ये येतो, आणि बॅटरी लवकर उतरते. आपल्याकडे वस्तीवर लाइटचा भरवसा नसतो, मुलगी सुट्टीत घरी आली की बॅटरीवरच काम चालणार. घरात बसवायचा मोठा कम्प्युटर तेवढ्याच पैशात ताकदीचा मिळतो हे खरं, पण होस्टेलवर कुठे ठेवणार आणि जेऊरच्या गाडीत कसा चढवणार?

हेडफोन मात्र वायरचा घ्या, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. सिनेमा बघताना ते चालून जातं, ठेक्याबरोबर गाताना नाही. उशीर म्हणजे किती? आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. कम्प्युटरने तेवीस हजारांश सेकंद उशीर केला, तर तबलजी आठ मीटर लांब बसल्यासारखं होतं. ब्लूटूथचा उशीर बहुधा याच्या कितीतरी पट असतो. लॅपटॉपला वायरच्या हेडफोनचं भोक आहे ना, हे बघून घ्या. माइक जोडायची ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी पहिल्या वर्षी नको. कॉलेजात असेल तर ती वापरावी.

गुरूंचा वर्ग झूमवर असेल तर एक सेटिंग बदलावं लागतं. ही ॲप पाठीमागचा एकसारखा आवाज गोंगाट समजून कापतात, त्यात तानपुराच गायब होतो. झूममध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड'ची सोय आहे, ती चालू करायची. तरी दोघांनी एकाच वेळी गाणं नेटवरून जमत नाही. एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

वापरलेला, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप स्वस्त पडतो. आमचा त्याला विरोध नाही, पण विंडोज १० ची मोफत मदत मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून पिढी विचारा. नवं असो की जुनं, जीएसटीचं पक्कं बिल मुलीच्या नावाने घ्या, बिलावरचा सिरीयल नंबर मशीनवरच्या नंबराशी ताडून पाहा, आणि बिघडलं तर सोलापूरला न्यायचं की पुण्याला, हे पैसे देण्याआधी विचारा.

पैशाचं म्हणाल तर अडचण वेळेची आहे. प्रवेश पावसाळ्यात, उसाचं बिल हंगाम सुरू झाल्यावर. मधल्या काळात दुकानाचा बिनव्याजी हप्ता गोड वाटतो, पण प्रोसेसिंग फी आणि रोखीत मिळणारी सवलत गेली ती धरा. आमच्या गटाने ४०,००० दिले, शेकडा एक रुपयाने, वीस महिन्यांसाठी. महिन्याला २,००० मुद्दल. पहिलं व्याज ४००, मग दर महिन्याला २० रुपयांनी कमी. सगळं मिळून व्याज ४,२०० होतं, आणि ते गटातच राहतं.

यावरही एकीने विचारलं, "लग्न ठरलं तर हप्ते कोण भरणार?" ताई म्हणाल्या, "कर्ज माझ्या नावावर आहे, लेकीच्या नाही." दशसूत्रीत शिक्षण हा शब्द आहेच, पण त्यात गाणं बसतं का यावर आमची बैठक अर्धा तास चालली. शेवटी इतिवृत्तात कारण लिहिलं, 'मुलीचे संगीत शिक्षण', आणि खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. पेटी म्हणणाऱ्या मावशींचीही.