टोनही : एका गुन्ह्याचे स्थळ, काळ आणि इतिहास

गुन्ह्याची बातमी वाचताना वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘हे कोणी केले?’ असा. पोलिसांचा तपास आणि न्यायालयाचे कामकाज याच प्रश्नाभोवती चालते. गुन्हेगारीशास्त्राचा अभ्यासक तेथून थोडा मागे सरून उभा राहतो. हा गुन्हा याच ठिकाणी का घडला, याच दिवसांत का घडला, याच माणसांमध्ये का घडला आणि पूर्वी तो कोठे कोठे घडला होता, असे तो विचारतो. छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिच्या भोवतालचा मुलूख यांत दीर्घकाळ घडत आलेल्या एका गुन्ह्याच्या आधारे या शास्त्राची रीत समजून घेता येते.

छत्तीसगडी बोलीत चेटकिणीला ‘टोनही’ म्हणतात. आपल्याकडे सातपुड्याच्या नंदुरबार भागात ‘डाकीण’ हा शब्द आहे. इतरत्र करणी, भानामती, मूठ मारणे अशा नावांनी तोच समज वावरतो. गावातील एखादे मूल आजारी पडते, गाय आटते, उभे पीक करपते आणि त्याचा ठपका एखाद्या स्त्रीवर ठेवला जातो. पुढे तिच्याशी बोलणे बंद होते, तिला विहिरीवर येऊ दिले जात नाही, मारहाण होते, गावातून हाकलले जाते आणि काही वेळा तिचा जीवही घेतला जातो. ही जुन्या काळची गोष्ट नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्वी रायपूर जिल्ह्याचाच भाग असलेल्या बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात जादूटोण्याच्या संशयावरून एकाच कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. त्यात एक तान्हे मूलही होते. त्यानंतर काही दिवसांतच दक्षिणेकडील सुकमा जिल्ह्यात एका कुटुंबातील पाच जण याच संशयाला बळी पडले. दोन्ही ठिकाणी पकडले गेलेले संशयित गावातलेच होते.

एवढ्या क्रूर कृत्यांमागे काही क्रम, काही नियमितपणा असू शकेल, हे प्रथमदर्शनी पटत नाही. पण गुन्ह्यांमध्ये नियमितपणा असतो, या जाणिवेतूनच हे शास्त्र उभे राहिले. फ्रान्समध्ये १८२५ पासून न्यायालयांतील खटल्यांची देशव्यापी आकडेवारी गोळा होऊ लागली. आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने ती प्रांतवार मांडली आणि नकाशांवर गडद-फिक्या छटांनी दाखविली. त्याचा ग्रंथ १८३३ साली प्रसिद्ध झाला. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे आणि माणसांविरुद्धचे गुन्हे यांचे प्रदेश वेगवेगळे आहेत, हे त्या नकाशांतून स्पष्ट दिसले. जेथे साक्षरता कमी तेथे हिंसा अधिक, ही सर्वमान्य समजूतही त्या नकाशांवर टिकली नाही. त्याच सुमारास बेल्जियममधील गणिती केटले यालाही आढळले, की गुन्ह्यांची वार्षिक संख्या जवळजवळ ठरावीक असते. गुन्हा करणारी माणसे बदलतात, तरी आकडा फारसा हलत नाही; मग त्याचे कारण एकेका माणसाच्या स्वभावाबाहेरही शोधले पाहिजे.

या शास्त्राने पुढे एक वाईट वळणही घेतले. इटलीतील लोंब्रोझो याने १८७६ मध्ये असे प्रतिपादन केले, की जन्मजात गुन्हेगार त्याच्या कवटीच्या व चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो. त्याआधीच, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने भारतात गुन्हेगार जमाती कायदा केला होता आणि पुढे त्याखाली अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. भटक्या-विमुक्तांच्या माथी बसलेला तो शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही, याची साक्ष मराठी आत्मकथने देतातच. कवटी मोजणारा पंडित आणि ‘हिची नजर वाईट आहे’ असे म्हणणारा गावकरी यांच्यात अंतर वाटते तेवढे नाही. दोघेही अनिष्टाचे मूळ एखाद्याच्या देहात शोधतात आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती पाहण्याचे टाळतात.

टोनहीच्या बाबतीत ही परिस्थिती पाहायची तर प्रथम इतिहासाकडे वळावे लागते. छत्तीसगडवर अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती व रतनपूर हे तिचे ठाणे होते. १८१८ नंतर ब्रिटिश अधीक्षक ॲग्न्यू याने कारभाराचे केंद्र रायपूरला हलविले. १८५४ मध्ये हा मुलूख खालसा झाला आणि १८६१ पासून नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडू लागला. या काळातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जादूटोण्याविषयी बरेच लिहून ठेवले आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनच्या १८४४ च्या ग्रंथात या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतांतील जाती-जमातींवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ‘टोनही’ या शब्दाची नोंद आहे. हे साहित्य उपयुक्त आहे, पण ते जपून वाचावे लागते. या नोंदींत नवलाच्या कथा भरपूर सापडतात. जिच्यावर आरोप झाला त्या स्त्रीचे म्हणणे मात्र त्यांत क्वचितच आढळते.

ही उणीव भरून काढण्यास इतर देशांतील अभ्यास साहाय्यभूत ठरतात. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत चेटकिणींवर रीतसर खटले चालले आणि त्यांची दप्तरे शिल्लक राहिली. इंग्लंडमधील एसेक्स परगण्याची दप्तरे ॲलन मॅकफार्लेन यांनी गावागावांच्या हिशेबाने तपासली व १९७० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरोप करणारा आणि आरोपी बहुधा एकाच गावचे, एकमेकांच्या ओळखीचे असत. दारी काही मागायला आलेल्या गरीब म्हातारीला रिकाम्या हाताने परत पाठवावे, ती पुटपुटत निघून जावी आणि त्यानंतर घरात काही अशुभ घडावे, असा प्रसंग अनेक खटल्यांच्या मुळाशी होता. नकार देणाऱ्याच्या मनातील टोचणीच आरोपाचे रूप घेऊन बाहेर पडली, असे या अभ्यासातून सुचते. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ साली झालेल्या खटल्यांचा अभ्यास करताना बॉयर आणि निसनबॉम या इतिहासकारांनी १९७४ मध्ये आरोप करणाऱ्यांची व आरोपींची घरेच नकाशावर मांडली. आरोप करणारे गावाच्या पश्चिमेस, तर आरोपी पूर्वेस, अशी विभागणी त्यांना दिसली आणि त्यामागे गावातील आर्थिक दुफळी असल्याचे त्यांनी सांगितले. पुढच्या अभ्यासकांनी तोच नकाशा पुन्हा तपासून त्यातील चुका दाखवून दिल्या. कोठले घर नकाशावर घेतले आणि कोठले वगळले, यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे त्या वादातून चांगले कळते.

स्थळाइतकाच काळही महत्त्वाचा असतो. टांझानियातील एका ग्रामीण जिल्ह्याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड मिगेल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. अवर्षण किंवा अतिवृष्टीच्या वर्षी तेथे ‘चेटकिणीं’च्या हत्या सुमारे दुप्पट होत असत, इतर खुनांचे प्रमाण मात्र तसे वाढत नसे. मारल्या जाणाऱ्या बहुतांशी वृद्ध स्त्रिया असत आणि मारणारे पुष्कळदा त्यांचेच नातलग. अन्न अपुरे पडू लागले की घरातील एक खाणारे तोंड कमी केले जाते, हे या आकड्यांमागचे भीषण वास्तव होय. झारखंडच्या आदिवासी भागाविषयी गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी १९९१ मध्ये लिहिले, की विधवेला पतीच्या जमिनीवर हयातभर हक्क असतो आणि ती चेटकीण ठरली की जमीन पतीच्या भाऊबंदांकडे जाण्याची वाट मोकळी होते. तेव्हा टोनहीच्या प्रकरणात ‘मूल कशाने आजारी पडले?’ याबरोबरच ‘हिच्या नावावर काय आहे आणि ती गेल्यावर ते कोणाला मिळेल?’ असाही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. प्रत्येक प्रकरणात जमीनच निघते असे नाही. जुने भांडण, उसनवारी, नाकारलेला पुरुष, केवळ भीती यांपैकी काहीही निघू शकते.

छत्तीसगडात या काळाला पंचांगाचाही आधार आहे. श्रावणातील अमावास्येला तेथे ‘हरेली’ हा शेतकऱ्यांचा सण असतो. नांगर, कुदळ, फावडे यांची पूजा होते, मुले बांबूच्या ‘गेडी’वर चढून चालतात आणि दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात. त्या रात्री टोनही बाहेर पडतात, असा समज आहे. भर पावसाळ्याचे हे दिवस. हिवताप, अतिसार, सर्पदंश यांचेही हेच दिवस, आणि दवाखाना नेमका याच दिवसांत चिखलापलीकडे गेलेला असतो. आजाराला कारण हवे असते आणि ते सांगण्यास बैगा किंवा गुनिया जवळ असतो. रायपूर येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांचे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणारे सहकारी हरेलीच्याच रात्री गावोगाव फिरतात. ‘कोई नारी टोनही नहीं’ हे त्यांच्या मोहिमेचे नाव होय. गुन्हा ज्या वेळी आणि ज्या जागी आकार घेण्याचा संभव अधिक, तेथे आधी पोहोचायचे, हे गुन्हेगारीशास्त्राचे एक प्रमुख सूत्र त्यांनी प्रत्यक्षात आणले आहे.

गुन्हा ही एका क्षणाची घटना नसून पायऱ्यापायऱ्यांनी घडणारी क्रिया असते, असे आज अभ्यासक मानतात. येथील पायऱ्या अशा : आजार, बैगाकडे जाणे, नाव निघणे, गावात कुजबुज, बैठक, दंड किंवा बहिष्कार आणि अखेरीस हिंसा. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि पाच वर्षांतच, २००५ मध्ये, तेथे टोनही प्रताडना निवारण अधिनियम संमत झाला. या पायऱ्या लक्षात ठेवून तो वाचला तर त्याची रचना उलगडते. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरविणे हाच गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. त्यावरून छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत, झाडफूक करून उपचाराचा दावा केल्यास तितकीच, आणि स्वतः टोनही असल्याचे सांगितल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. हात उगारला जाण्यापूर्वी, तोंडातून नाव निघते त्याच पायरीवर कायदा उभा राहतो. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा. त्यासाठी अनेक वर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर तो आला.

कायदा झाला म्हणजे गुन्हा मोजला जाऊ लागला, असे मात्र नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनाच्या हेतूंमध्ये ‘जादूटोणा’ असा स्वतंत्र रकाना असतो आणि त्यात झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड ही नावे वारंवार दिसतात. परंतु हा रकाना केवळ खुनाचा आहे. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले, तर या अहवालात त्यांपैकी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. त्यामुळे खुनाआधी चाललेला महिनोन्‌महिन्यांचा छळ आकड्यांत उतरत नाही. शिवाय जी स्त्री मार खाऊन माहेरी निघून गेली, जिने दंड भरून तडजोड केली, जिला तक्रार करायची तर ज्यांच्याविरुद्ध ती करायची त्यांच्याच शेजारी रात्री निजायचे होते, तिची नोंद ठाण्यात होतच नाही. नोंद न झालेल्या अशा गुन्ह्यांना अभ्यासक ‘काळा आकडा’ म्हणतात. तो अजमावण्यासाठी दप्तर मिटून गावात जावे लागते. आरोग्य केंद्र किती कोसांवर आहे, मागील पावसाळ्यात किती मुले दगावली, कोणत्या विधवेची जमीन अलीकडे कोणाच्या नावावर चढली, कोणते घर कुलूप लावून निघून गेले, हे विचारावे लागते. एखाद्या गावातून तक्रारी अजिबात येत नाहीत, तेव्हा तेथे गुन्हा नाही असे मानावे की तेथे बोलण्याची सोय नाही असे मानावे, हे ठरविणे या अभ्यासातील सर्वांत अवघड काम आहे. नकाशावर ती दोन्ही गावे सारखीच कोरी दिसतात.