‘जंप शॉट’च्या दोन रीती

बास्केटबॉलच्या मैदानावर चेंडू कड्यांत टाकणारा गडी पाहिला, म्हणजे सामान्य प्रेक्षकास वाटतें कीं, ही केवळ नेमबाजी आहे. डोळा व हात यांचा मेळ बसला म्हणजे झालें. वस्तुतः त्या एका क्षणांत दोन परस्परविरोधी गरजांचा झगडा चाललेला असतो. चेंडू दुरून पोंचवावयाचा तर पायांचें बळ हवें. आणि समोर हात उंचावून उभा असलेला प्रतिपक्षाचा गडी चुकवावयाचा तर चेंडू उंचावरून सुटावयास हवा. एक साधूं गेल्यास दुसरें अंशतः सोडावें लागतें. ‘जंप शॉट’ म्हणून जी फेक आज जगभर रूढ आहे, तिच्या निरनिराळ्या ढबी ह्याच झगड्यांतून निर्माण झाल्या आहेत.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें सुरू केला. पीच फळांच्या टोपल्या त्यानें दहा फूट उंचीवर टांगल्या. टोपल्या गेल्या, लोखंडी कडें आलें. उंची मात्र अद्याप तीच आहे. प्रारंभीच्या कित्येक वर्षांत चेंडू दुरून टाकण्याची शिष्टसंमत रीत म्हणजे पाय जमिनीवर रोवून दोन्ही हातांनीं तो ढकलणें. ३० डिसेंबर १९३६ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हँक लुइसेटीनें एका हाताची फेक दाखविली. लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ लागोपाठ ४३ सामने जिंकून आलेला. तो त्या रात्रीं ४५–३१ असा हरला, आणि जाणत्यांचीं नाकें मुरडावयाचीं थांबलीं.

उडीचा शोध कोणाचा, याविषयीं अमेरिकेंत बरेच दावे आहेत. परंतु केनी सेलर्स याची हकीकत सर्वांत बोलकी आहे. वायोमिंग संस्थानांतील हिल्सडेल गांवाजवळच्या शेतावर, पवनचक्कीला ठोकलेल्या कड्यापाशीं, १९३४ च्या सुमारास तेरा वर्षांचा केनी आपल्या थोरल्या भावाशीं खेळे. भाऊ चांगला सहा फुटांवर पांच इंच उंच. धाकट्यानें टाकलेला चेंडू तो वरच्यावर अडवी. अखेर केनीनें चेंडू आपटीत धांवतां धांवतां थबकून सरळ वर उडी घेतली व हवेंतून चेंडू सोडला. १९४३ सालीं ह्याच केनीच्या वायोमिंग विद्यापीठानें जॉर्जटाउनचा ४६–३४ असा पराभव करून विद्यापीठांचें अजिंक्यपद मिळविलें. धाकट्या भावाच्या अगतिकतेंतून एक विद्या जन्मास आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां थोडें गणित. कड्याचा व्यास १८ इंच, चेंडूचा सुमारें साडेनऊ. चेंडू अगदीं वरून सरळ आला तर त्यास पुरे १८ इंच मोकळे मिळतात. तो तिरपा आला म्हणजे त्याच्या दृष्टीनें कडें चपटें होत जातें: ४५ अंशांच्या कोनांत पावणेतेरा इंचांच्या आंत, आणि ३० अंशांत अवघें ९ इंच. म्हणजे चेंडू कड्यास न घासतां आंत जाणें तेथें अशक्यच. म्हणून चेंडूस कमान हवी. आणि तो जितका उंचावरून सुटेल तितक्या कमी जोरांत योग्य कमान साधते. मात्र कमान फाजील उंच केल्यास जोर अधिक लागतो आणि हाताची बारीकशी चूकहि कड्यापाशीं मोठी होते.

ह्या पार्श्वभूमीवर दोन मुख्य रीती पाहाव्या. पहिलींत गडी चेंडू कपाळावर नेऊन स्थिर करतो, उडी घेतो, आणि उडीच्या शिखरावर केवळ कोपर व मनगट यांच्या बळावर चेंडू सोडतो. येथें हालचालीचे दोन स्पष्ट भाग पडतात. अडविणाऱ्याचा हात तेथवर पोंचणें कठीण. पण शिखरावर पायांचें बळ संपलेलें असतें, त्यामुळें पल्ला आंखूड होतो. दुसऱ्या रीतींत चेंडू कमरेपासून निघतो, गुडघे ताठ होतां होतां वर चढतो, आणि शरीर वर जात असतांनाच हातांतून सुटतो. पायांचा जोर न तुटतां बोटांपर्यंत पोंचतो. पल्ला वाढतो, वेळ वांचतो. मात्र चेंडू कांहींसा खालून सुटतो.

१९७९–८० च्या हंगामांत अमेरिकेंतील एन.बी.ए. ह्या व्यावसायिक संघटनेनें दूरच्या फेकीस तीन गुण देण्यास आरंभ केला, आणि कालांतरानें दुसऱ्या रीतीचें महत्त्व वाढलें. तिचा श्रेष्ठ उपासक स्टीफन करी. शाळेंत असतांना तो किरकोळ अंगाचा होता व चेंडू कमरेपासूनच भिरकावी. त्याचा पिता डेल हा स्वतः नाणावलेला खेळाडू. त्यानें एका उन्हाळ्यांत मुलाची ढब मोडून चेंडू डोक्यावरून सोडावयास लाविलें. जुनें हातून गेलें, नवें बसेना. कड्याजवळूनहि चेंडू पडेना, असे कांहीं आठवडे त्या पोरानें काढले. पित्याची ही कठोरता योग्यच होती, कारण खालून सुटणारा चेंडू मोठ्या गड्यांनीं सहज अडविला असता. तथापि पायांच्या बळाची अखंड लाट त्यानें मुलाकडून काढून घेतली नाहीं, हें विशेष. १४ डिसेंबर २०२१ रोजीं करीनें रे अ‍ॅलन याचा तीन गुणांच्या २,९७३ फेकींचा विक्रम मोडला, तोहि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें. नांव तेंच, इमारत मात्र लुइसेटीच्या वेळची नव्हे.

उंच गड्यांस अर्थातच वेगळी सवलत असते. जर्मनीचा सात फुटी डर्क नोवित्स्की एका पायावर मागें झुकून चेंडू टाकी. त्याच्यापर्यंत हात पोंचविणार कोण?

शिक्षकांच्या नियमांचें काय, असें कोणी विचारील. कोपर कड्याच्या रोखानें असावें, असा पाठ सर्वत्र देतात. पण रेजी मिलरचें कोपर बाहेर जाई, चेंडू सुटल्यावर त्याचे हात एकमेकांस छेदीत, आणि तरीहि १९९८ पासून २०११ पर्यंत तीन गुणांच्या फेकींचा विक्रम त्याच्याच नांवावर होता. फेक दर वेळीं तंतोतंत तशीच होई, हें त्याचें बळ. नियम निरुपयोगी नव्हेत. कोपर सरळ असलें म्हणजे डावी-उजवीकडील चूक कमी होते, आणि शेवटीं मनगट झुकून चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटला म्हणजे त्यास उलटी फिरकी मिळते. असा चेंडू कड्यावर आदळला तरी त्याचा वेग मोडतो व पुष्कळदां तो आंतच पडतो. परंतु दहा वर्षांच्या मुलानें दहा फुटांच्या कड्याकडे चेंडू कमरेपासून फेकला, तर त्याच्या मनगटांत तेवढेंच बळ आहे, इतकाच त्याचा अर्थ. कडें आठ फुटांवर आणून लहान चेंडू दिला, कीं तेंच मूल आपोआप हात डोक्यावर नेऊं लागतें.