घोंगल्या फोड्याला बांधीही हवी आणि तलावाचा उथळ काठही

मृगाचा पाऊस पडला, पऱ्हे हातभर झाले आणि बांधीत चिखलणी सुरू झाली, की नांगराच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे बगळ्यांची रांग लागते. त्या बगळ्यांत एक उंच पक्षी वेगळा दिसतो. अंग पांढरे, पंखाची मागची बाजू आणि शेपूट काळी, चाल सावकाश. जवळ जाऊन त्याची चोच पाहा. ती पूर्ण मिटलेली असली तरी मधे फट राहते, जणू अडकित्त्यात सुपारी धरली आहे. पुस्तकात याला मुग्धबलाक किंवा उघड्या चोचीचा करकोचा म्हणतात. आपल्या झाडीपट्टीत तो घोंगल्या फोड्या. नाव ठेवणाऱ्याने तो काय खातो हे नीट पाहिलेले होते. फक्त 'फोड्या' हा शब्द त्याला पूर्ण लागू पडत नाही, तो कसा ते पुढे सांगतो.

हा पक्षी आणि त्याचे दोन भाऊबंद यांच्याविषयी शेतीच्या पानावर लिहिण्याचे कारण आहे. उन्हाळा आला की गावोगाव तलावातील गाळ काढण्याचे ठराव होतात, पाळीवरची झाडे विकण्याची बोलणी होतात आणि मच्छीमार संस्थेची मंडळी पक्ष्यांच्या नावाने बोटे मोडतात. हे तिन्ही निर्णय ग्रामसभेत तुम्हीच घेता. घेण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात.

आधी घोंगल्यांचे पाहू. आपल्या बांधीत व तलावात सापडणारी मोठी गोल घोंगली उन्हाळ्यात चिखलात खोल जाऊन बसते. शंखाच्या तोंडावर तिला एक टणक झाकण असते. ते घट्ट लावून ती महिनोन् महिने पडून राहते. तिला पाण्यात श्वास घेण्यासाठी कल्ला असतो आणि हवेसाठी फुफ्फुसासारखी पिशवीही असते, म्हणून दोन्हीकडे तिचा निभाव लागतो. पहिला दमदार पाऊस झाला, जमीन भिजली, की ती वर येते आणि पाण्याच्या काठच्या ओल्या मातीत खळगा करून अंडी घालते. म्हणजे आपली रोवणी चालू असते तेव्हाच घोंगल्यांचा सुकाळ असतो. घोंगल्या फोड्याचा विणीचा हंगामही उत्तर व मध्य भारतात साधारण जुलै ते सप्टेंबर हाच. तो आपल्या रोवणीकडे पाहून घरटे बांधत नाही, पण पिल्लांच्या तोंडात घालायला भरपूर घोंगल्या मिळाव्यात अशीच वेळ निसर्गाने साधलेली आहे. पाऊस लांबला तर विणही लांबते. अवर्षणाच्या वर्षी काही ठिकाणी ती होतच नाही.

आता चोचीचे. पूर्वी पुष्कळ जाणकारांना वाटे की त्या फटीत शंख धरून पक्षी तो अडकित्त्यासारखा फोडतो. पण शंख तर फारसे फुटलेले सापडत नाहीत. तुम्ही स्वतः धुऱ्यावर पडलेले रिकामे शंख उचलून पाहा, बरेचसे अखंड असतात. काल या अमेरिकन संशोधकाने १९७१ साली या पक्ष्यांच्या खाण्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्यातून उलगडा झाला तो असा : पक्षी पाण्याखाली चोच घालून शंख चिखलात दाबून धरतो. खालच्या चोचीचे टोक सुरीसारखे झाकणाच्या कडेने आत सारतो आणि ज्या स्नायूने घोंगली शंखाला चिकटलेली असते तो स्नायू कापतो. मग आतला मगज ओढून काढतो आणि गिळतो.  लहान पिल्लांच्या चोचीला फट नसतेच, ती वय वाढेल तशी पडते. हे सगळे काम तो डोळ्यांनी न पाहता, गढूळ पाण्यात, निव्वळ स्पर्शाने करतो. आपली रोवणारी बाईसुद्धा चिखलात हात घालून न पाहताच चूड लावते, तसेच समजा.

घोंगल्यांखेरीज तो खेकडे, बेडूक, पाण्यातले मोठे किडेही खातो. तो तुमच्या धुऱ्यावरच्या खेकड्यांचा बंदोबस्त करून देईल असे मात्र मी म्हणणार नाही. धुरा फुटला तर तुम्हालाच बांधावा लागणार. नुकत्याच रोवलेल्या बांधीत तो चालला तर दोन-चार चुडी आडव्या होतात, हेही खरे. एवढ्या नुकसानीसाठी फटाके फोडत बसण्याची गरज नाही. आठ-दहा दिवसांत मुळे धरली की पीक त्याच्या पायाला दाद देत नाही.

थायलंडमधले उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथे १९८० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतली सोनेरी घोंगली आणली गेली आणि ती भातशेतीत पसरली. ही घोंगली कोवळे रोपच कुरतडते, त्यामुळे शेतकरी हैराण झाले. पण घोंगल्या फोड्याला आयते खाद्य मिळाले. तिथे त्यांची संख्या वाढली आणि पूर्वी जिथे ते दिसत नसत त्या शेजारच्या देशांतही ते पोचले. हे पक्षी लांबचा प्रवास करतात. थायलंडमध्ये पायात कडी घातलेला एक पक्षी सुमारे १५०० किलोमीटर पश्चिमेला बांगलादेशात सापडला होता. आपल्या राजस्थानातील भरतपूरला कडी घातलेला एक पक्षी सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला मिळाला. तेव्हा 'आमच्या गावचे पक्षी' असे आपण म्हणतो ते अर्ध्यापुरतेच.

मासे कोण खातो?

एका गावात मच्छीमार संस्थेच्या एका वयस्क सभासदाने मला विचारले, "साहेब, हे पाखरं आमचं मत्स्यबीज खातेत, अन् तुम्ही त्याइचीच बाजू घेता?" मी म्हटले, "काकाजी, कोणतं पाखरू?" तेव्हा त्यांनी तलावाकडे बोट केले. तिथे तीन जातींचे पक्षी उभे होते. प्रश्न रास्त होता, म्हणून तिथेच पाळीवर बसून बोललो.

घोंगल्या फोड्याचे भोजन मुख्यतः घोंगल्यांचे. त्याला मत्स्यबीजाचा चोर म्हणता येत नाही. दुसरा चित्रबलाक. पिवळी लांब चोच, छातीवर काळा पट्टा आणि पाठीमागे गुलाबी पिसे. हा मात्र मासेखाऊ. गुडघाभर पाण्यात चोच अर्धी उघडी ठेवून, मान इकडून तिकडे हलवीत चालतो, पायाने तळ ढवळतो. मासा चोचीला लागला की झटकन मिटतो. चित्रबलाकाचा अमेरिकेतला एक जवळचा भाऊबंद आहे. त्याच्यावरचे प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाले, त्यात चोच मिटायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो असे आढळले. आपली पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. पण ही शिकार उथळ पाण्यातच जमते. पाळीजवळच्या खोल पाण्यात, जिथे संस्थेचे कटला-रोहू वाढतात, तिथे करकोच्याचे पायच पोचत नाहीत. खोल पाण्यात बुडी मारून मासे पकडणारा तो पाणकावळा, करकोचा नव्हे. उथळ काठावर चित्रबलाकाला मिळतात ती बहुतांशी बारीक मासोळी. बीज मात्र काठाजवळ सोडले तर तो खाईलच, म्हणून ते बोटुकलीएवढे वाढवून, पाण्याच्या खोल बाजूला सोडावे. काकाजींना हे पटले की नाही कोण जाणे, पण ते म्हणाले, "बोटुकली महाग पडते साहेब." तेही खरेच आहे.

तिसरा कांडेसर, म्हणजे पांढऱ्या मानेचा करकोचा. अंग काळेभोर, मान कापसासारखी पांढरी. हा थव्याने क्वचितच राहतो. जोडीने बांध्यांतून, गवतातून हिंडतो आणि बेडूक, टोळ, सरडे वेचतो. याला पाणी कमी असले तरी चालते. हरियाणातल्या शेतीभागात केलेल्या अभ्यासात कांडेसर कालव्याकाठच्या व बांधावरच्या पिंपळ, शिसव, निलगिरीसारख्या उंच झाडांवर घरटी करतो असे दिसले. पाणथळ म्हटले की अभयारण्यच डोळ्यांसमोर येते, पण या पक्ष्याने आपल्या बांधावरच संसार मांडलेला आहे.

झाड आणि पाणी

घोंगल्या फोड्या आणि चित्रबलाक वसाहत करून राहतात. एका चिंचेवर किंवा पाण्यात उभ्या बाभळींवर दहा-वीस घरटी, त्यांतच बगळे व पाणकावळे यांचीही. काड्यांचा पसरट माचा, त्यात दोन ते चार अंडी. नर-मादी दोघेही उबवतात. घोंगल्या फोड्याची अंडी साधारण २५ दिवसांत फुटतात आणि पिल्ले पाच आठवड्यांनी उडू लागतात. ऊन तापले की आई किंवा बाप अर्धवट पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभा राहतो. या पक्ष्यांना गाणे-ओरडणे जवळजवळ नाहीच. चोची एकमेकांवर आपटून खडखडाट करतात, त्यावरून लांबूनही वसाहत ओळखू येते.

सगळा घोळ इथे आहे. झाड पाण्यात किंवा पाण्याकाठी असेल तर मांजर, माकड, माणूस सहज वर जात नाही. पाणी आटले की संरक्षण गेले. आणि पोटासाठी जवळपास उथळ पाणी नसेल तर कितीही मोठी चिंच असली तरी उपयोग नाही. दोन्ही एकत्र लागतात. माणूस झाडाखाली वारंवार गेला तर मोठे पक्षी उडतात, पिल्ले उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. विणीच्या या दोन-अडीच महिन्यांत त्या झाडाखाली ढोरे बांधू नयेत, फांद्या तोडू नयेत, मुलांनी गोटे मारू नयेत. घरटे पाडणे किंवा अंडी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पोरांना सांगायला हरकत नाही.

झाडाच्या मालकाला त्रास होतो, हे मी नाकारीत नाही. विष्ठेने पाने पांढरी पडतात, वास मारतो, चिंचेचे पीक घटते. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेल्लूर नावाचे गाव आहे. तिथे घरांमधल्या चिंचेवर चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षी पिढ्यान् पिढ्या घरटी करतात. तिथले वनखाते चिंचेच्या मालकांना पक्ष्यांपायी बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देते, आणि झाडाखालची विष्ठा शेतकरी खत म्हणून वापरतात. आपल्याकडे एखाद्या गावात वसाहत असेल तर ग्रामपंचायतीने वनविभागाकडे लेखी मागणी करून पाहावी. मागणीच केली नाही तर मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

आता गाळाचे. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने आपल्या भागात ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि निगा राखणारा हात सैल झाला. तलावांत गाळ भरला, काठाने बेशरम माजली. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, पुष्कळ तलावांतून गाळ निघाला आणि तो शेतात टाकणाऱ्यांना फायदाही झाला. गाळ काढलाच पाहिजे, या मताचा मी आहे.

पण पोकलेन कसे चालते ते पाहा. चालक सोयीचा म्हणून काठच खोल करतो. कडा भिंतीसारख्या उभ्या होतात. जुन्या कोहळ्यांचा तलाव तसा नव्हता. पाळीकडे पाणी खोल आणि वरच्या अंगाला, येव्याकडे, ते पसरट, उथळ होत जाणारे. तिथे देवधान उगवते, तिथेच घोंगली अंडी घालते, तिथेच मासोळी वाढते, तिथेच करकोचा उभा राहतो. पाणी उतरू लागले की रोज नवी ओली पट्टी उघडी पडते आणि पक्षी तिच्या मागोमाग आत सरकतात. तो काठ उभा कापला तर तलावात पाणी दिसेल, पण या पक्ष्यांना उभे राहायला जागा नाही. ढोर पाण्यावर न्यायलाही त्रास होतो आणि लहान मूल घसरले तर जीव जातो. म्हणून ठरावातच लिहून घ्या : गाळ पाळीच्या बाजूने व मधून काढावा, येव्याकडचा उथळ भाग तसाच ठेवावा, पाण्यात उभी झाडे तोडू नयेत. बेशरम मात्र मुळासकट काढा, तिच्यावर करकोचे घरटी करीत नाहीत आणि देवधानाची जागा ती खाते.

राहिली गोष्ट औषधांची. खोडकिडा व गादमाशीसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे फोरेटचे दाणे बांधीत टाकले गेले. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणी जुना साठा देऊ केला तर घेऊ नका. तसे दाणे पाण्यात गेले की बेडूक, मासोळी आणि ती खाणारे पक्षी सगळेच मरू शकतात. कोणतेही दाणेदार औषध टाकण्याआधी बांधीत चार ठिकाणी बसून फुटवे मोजा. शंभर फुटव्यांत पाचाच्या वर गाभेमर किंवा चंदेरी पोंगे असतील तरच औषधाचा विचार करा, एरवी खर्च वाया जातो. टाकलेच तर बांधीचे पाणी पाच-सात दिवस बाहेर सोडू नका, नाहीतर ते सरळ खालच्या बोडीत जाते.

धान निसवले, पाणी उतरले, की घोंगल्या पुन्हा चिखलात जातात आणि हे पक्षी तलावाच्या काठाला लागतात. इटियाडोहसारख्या धरणांच्या पाण्यावर जिथे उन्हाळी धान होते तिथे ते एप्रिल-मेमध्येही दिसतात. तुमच्या गावात यंदा घरटी झाली असतील तर झाड कोणते, पाणी कुठवर होते आणि पिल्ले कधी उडाली एवढे एका वहीत टिपून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात गाळाचा ठराव येईल तेव्हा ती वही ग्रामसभेत घेऊन जा.